झॉम्बी आले, आता ऑफिसला जायचं नाही : 'झॉम १००'मधल्या उसनवारीचं एक प्रकरण

अकिरा तेंदोच्या टोकियोतल्या इमारतीत एके सकाळी माणसं माणसांना खायला लागतात. तो जीव मुठीत धरून पळतो, जिने चढून गच्ची गाठतो. खाली गाड्या एकमेकींवर आदळल्यात, शहरातून धुराचे लोट निघताहेत, रस्ताभर मेलेली माणसं हिंडताहेत. आणि तिथे गच्चीवर त्याच्या मनात धास्ती येते ती ही, की आज कामावर पोचायला उशीर होणार. मग दोन क्षण जातात आणि त्याच्या डोक्यात उजेड पडतो. ऑफिसला जायचंच नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. जग बुडालेलं असताना हा मुलगा आनंदाने बेभान होऊन ओरडतो.

हा प्रसंग मी बऱ्याच जणांना दाखवला आहे. झॉम्बीपटांच्या वाटेला न जाणारेही इथे थांबून बघतात, बहुतेक जण हसतात. रोज रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसणारी माझी एक मैत्रीण हसली नाही. "परत लाव," एवढंच म्हणाली.

'झॉम १००' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, शोगाकुकान या जपानी प्रकाशनसंस्थेच्या 'संडे जीन-एक्स' मासिकात ऑक्टोबर २०१८ पासून येऊ लागली. कथा हारो आसो यांची, चित्रं कोतारो ताकाता यांची. आसो आपल्याकडे 'अ‍ॅलिस इन बॉर्डरलँड'मुळे माहीत आहेत. जुलै २०२३ मध्ये 'झॉम १००'वरची १२ भागांची जपानी अ‍ॅनिमेशन, म्हणजे अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली. स्टुडिओ बग फिल्म्स, दिग्दर्शक काझुकी कावागोए. नऊ भागांनंतर ती अडली आणि उरलेले तीन भाग डिसेंबरच्या अखेरीस आले. मधल्या काळात, ३ ऑगस्टला, नेटफ्लिक्सवर याच कथेचा चित्रपटही आला, खऱ्या नटांचा. मी इथे मांगा आणि अ‍ॅनिमेबद्दलच बोलणार आहे, कारण मला ज्या गोष्टीत रस आहे ती तिथे जास्त ठळक आहे.

ती गोष्ट अशी. या कलाकृतीत स्वतःचं म्हणावं असं सामान फार थोडं आहे. शीर्षक दुसऱ्याचं, भागांची नावं दुसऱ्यांची, गाण्यांची नावं तशीच. झॉम्बी तर पन्नासेक वर्षं जगभर वापरून झालेले. यादी करण्याची कल्पना जुनी, वाचलेल्या माणसांनी एका इमारतीत कोंडून घेण्याचा प्रसंगही जुना. तरीही बघताना शिळं काही खातोय असं वाटत नाही. असं का होतं, हे मला शोधायचं होतं म्हणून मी हे प्रकरण सुटं करून बघितलं.

आपल्याकडे उसनवारीबद्दल एक चांगली जाण आहे, ती इथे कामाला येते. कीर्तनकार तुकोबांचा अभंग निरूपणाला घेतो तेव्हा त्याला कुणी उचलेगिरी म्हणत नाही. अभंग सगळ्यांना पाठ असतो, आणि पाठ असतो म्हणूनच घेतलेला असतो. लोक ऐकायला येतात ते त्या ओळीतून हा बुवा आज काय काढतो ते. ओळ घेतली आणि निरूपणच केलं नाही, तर मात्र मंडळी चुळबुळ करायला लागतात. संदर्भ आणि मानवंदना यांतला फरक मी या मापाने मोजतो.

नाव कुठून आलं

जपानी शीर्षकाचा अर्थ होतो 'झॉम्बी होईपर्यंत करायच्या १०० गोष्टी'. आता हे बघा : 'माय लाइफ विदाउट मी' हा इझाबेल कोइशेचा २००३चा चित्रपट. त्यात दोन मुलांची तरुण आई आपण थोडेच दिवस जगणार आहोत हे कळल्यावर एक यादी करते. जपानमध्ये तो ज्या नावाने लागला त्याचा अर्थ 'मरेपर्यंत करायच्या १० गोष्टी' असा आहे. वाक्याची घडण तीच. 'मरेपर्यंत'च्या जागी 'झॉम्बी होईपर्यंत', आणि दहाच्या जागी शंभर.

इंग्रजीत त्याचं 'बकेट लिस्ट ऑफ द डेड' झालं. इथे दोन नावांची गाठ मारली आहे. 'द बकेट लिस्ट' हा २००७चा चित्रपट, कॅन्सर झालेल्या दोन म्हाताऱ्यांचा. मरण्याआधी करायच्या गोष्टींच्या यादीला हा शब्द जगभर रूढ झाला तो त्या चित्रपटामुळे.

म्हणजे दोन्हीकडे यादी येते ती डॉक्टरांचा कागद हातात पडल्यावर. दिवस मोजले गेले, म्हणून माणूस जगायला लागतो. अकिराला काही झालेलं नाही. तो २४ वर्षांचा आहे, धडधाकट आहे. पण नोकरीतली तीन वर्षं त्याने जगली म्हणावीत अशी नाहीत. पहिल्याच दिवशी त्याला रात्रभर थांबवून घेतलं जातं, आणि ती रात्र संपतच नाही. त्याची खोली म्हणजे उकिरडा झालेला आहे. झॉम्बी आल्यावर तो आपली यादी एका वहीत लिहायला लागतो. त्या वहीतल्या पहिल्या काही इच्छा बघितल्या तर कळतं की हा माणूस किती खाली गेला होता : खोली आवरायची, भर दुपारी बीअर प्यायची. हिमालय चढायचा, जग बघायचं, असलं तिथे काही नाही. खोली आवरणं ही ज्याच्यासाठी मरण्याआधीची इच्छा असते, त्याची यादी त्या आजारी आईच्या यादीइतकीच काळीज हलवणारी आहे. ओळ उसनी, पण निरूपण केलं आहे.

राहिलं 'ऑफ द डेड'. या शेपटाची गोष्ट मोठी गंमतीची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १ ऑक्टोबर १९६८ला पिट्सबर्गमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. त्याचं आधीचं नाव वेगळं होतं. वितरकाने नाव बदललं, शीर्षकाची पाटी नव्याने घातली, आणि जुन्या पाटीवर असलेली स्वामित्वहक्काची ओळ नव्या पाटीवर घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसेल तर हक्क गेला. अशा रीतीने आधुनिक झॉम्बीपटाचा मूळपुरुष प्रदर्शित झाल्या क्षणी सगळ्यांच्या मालकीचा झाला. वाटेल त्याने दाखवावा, वाटेल त्याने त्यातून घ्यावं. पुढे रोमेरो आणि त्याचा सहलेखक जॉन रूसो यांनी वाटा वेगळ्या केल्या तेव्हा 'लिव्हिंग डेड' हे शब्द रूसोकडे गेले आणि रोमेरोच्या पुढच्या चित्रपटांना नुसतं 'ऑफ द डेड' उरलं. झॉम्बी मेंदू खातात ही समजूत १९८५च्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'ची, म्हणजे रूसोच्या बाजूच्या घराण्याची. रोमेरोच्या झॉम्बींना मेंदूचं कौतुक नाही.

वाटणीत हाती आलेल्या या तीन शब्दांचं पुढे आडनाव झालं. जो कुणी झॉम्बीकथा करेल त्याने ते लावावं. 'झॉम १००'च्या अ‍ॅनिमेने ते इतक्या मोकळेपणाने लावलं आहे की पहिल्या भागाचं नाव 'अकिरा ऑफ द डेड', तिसऱ्याचं 'बेस्ट फ्रेंड ऑफ द डेड', पाचव्याचं 'हीरो ऑफ द डेड'. काना-बून या बँडचं सुरुवातीचं गाणं 'साँग ऑफ द डेड', शेवटी शियुईने गायलेलं 'हॅपिनेस ऑफ द डेड'. सगळं खानदान एका छपराखाली. हा नुसता संदर्भ आहे, त्याहून जास्त काही नाही, आणि इथे त्याहून जास्त नको होतं. घराचं नाव दारावर लावतात तसं ते आहे.

नावातच सलाम ठोकायची हौस मराठीतही आलेली आहे. आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ला आला तेव्हा डोंबिवलीचा असा उच्चार ऐकूनच लोक अर्धे खूश झाले होते. त्यातही नावापलीकडे काही होतं : टॉवर आणि वस्ती, आणि त्यांच्यामध्ये पाणी. झॉम्बी जिथे जातो तिथलं दुखणं दाखवतो. आता मुद्द्यावर येतो, कारण जपानमध्ये त्याने जे दुखणं दाखवलं ते त्याच्या जन्माच्या दुखण्याशी जुळतं.

ऊस, मॉल, कंपनी

झॉम्बी मूळचा हैतीचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांना फ्रेंच मळेवाले उसाच्या शेतात मरेस्तोवर राबवत. त्या बेटावर जी भीती तयार झाली ती मेलेला माणूस आपल्याला खाईल याची नव्हती. भीती ही होती की मेल्यावरही सुटका होणार नाही, कुणीतरी आपल्याला उठवेल आणि पुन्हा शेतात उभं करेल. मरण हीच एक रजा होती, आणि झॉम्बी म्हणजे ती रजाही नाकारलेला मजूर. १९२९ मध्ये विल्यम सीब्रुक या अमेरिकी लेखकाने हैतीवरच्या आपल्या पुस्तकातून ही गोष्ट बाहेर नेली. त्यातले झॉम्बी एका साखर कंपनीच्या उसात काम करायला येतात. १९३२च्या 'व्हाइट झॉम्बी' या चित्रपटात साखर कारखान्याचा एक प्रसंग आहे : झॉम्बी मजूर गोल गोल फिरत चरक ओढताहेत, एक जण तोल जाऊन खाली यंत्रात पडतो, आणि कुणी थांबत नाही. चरक फिरत राहतो. नव्वद वर्षांपूर्वीचा तो प्रसंग मला आजच्या कुठल्याही रक्तबंबाळ झॉम्बीपटापेक्षा भयंकर वाटतो. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तो पाहताना काय काय आठवेल ते वेगळं सांगायला नको.

रोमेरोने या मजुराला कामावरून काढून टाकलं. त्याच्या झॉम्बीला मालक नाही. तो भुकेला आहे, बस. १९७८च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये हे झॉम्बी एका मॉलमध्ये गोळा होतात. चित्रीकरण पिट्सबर्गजवळच्या मन्रोव्हिल मॉलमध्ये, दुकानं बंद झाल्यावर रात्री रात्री झालं. हे इथेच का येतात, असा प्रश्न पडतो तेव्हा एक पात्र म्हणतं की सवयीने, जगताना ही जागा त्यांच्यासाठी महत्त्वाची होती म्हणून. मजूर असलेला झॉम्बी आता ग्राहक झाला. हा चित्रपट १९७९ मध्ये जपानमध्ये लागला आणि तिथे त्याचं नाव होतं नुसतं 'झॉम्बी'.

जपानमध्ये एक अडचण होती. तिथे जवळपास प्रत्येकाचं दहन होतं. थडगं फोडून वर यायला खाली कुणी नसतंच. म्हणून तिथला झॉम्बी खऱ्या अर्थाने घरचा झाला तो मार्च १९९६ मध्ये, कॅपकॉमच्या 'बायोहॅझर्ड' या व्हिडिओ गेममधून. तोच बाहेरच्या जगात 'रेसिडेंट ईव्हिल' झाला. त्यात मेलेले उठतात ते विषाणूमुळे, आणि तो विषाणू तयार करते एक औषध कंपनी. जपानी झॉम्बीच्या मागे पहिल्यापासून कंपनी उभी आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे 'बायोहॅझर्ड २'ची जपानमधली जाहिरात खुद्द रोमेरोने दिग्दर्शित केली. ज्याला सलाम केला त्याने तो घरी येऊन स्वीकारावा, असं फार कमी वेळा घडतं.

या वंशावळीच्या टोकाला 'झॉम १००' उभी आहे. जपानी भाषेत दोन शब्द आहेत जे या मांगाच्या प्रत्येक पानामागे ऐकू येतात. एक 'ब्लॅक कंपनी' : माणसं पिळून घेणारी, जादा कामाचे पैसे बुडवणारी, राजीनामा देऊ न देणारी कंपनी. दुसरा 'शाचिकु', म्हणजे कंपनीची गुरं, दावणीला बांधलेली. कामाच्या ओझ्याने येणाऱ्या मरणाला तिथे 'कारोशी' असा स्वतंत्र शब्द आहे आणि सरकारी मोजमापही आहे : महिन्याला १०० तासांवर जादा काम, किंवा काही महिने सरासरी ८० तासांवर गेलं, की हृदय किंवा मेंदूच्या झटक्याशी त्याचा संबंध मानला जातो. जून २०१८ मध्ये जपानच्या संसदेने जादा कामावर कायदेशीर मर्यादा घालणारा कायदा केला, मोठ्या कंपन्यांना तो एप्रिल २०१९ पासून लागू झाला. मांगाचं पहिलं प्रकरण या दोन तारखांच्या मध्ये छापून आलं. लोक या विषयावर बोलत असतानाच हा मुलगा गच्चीवर जाऊन ओरडला.

आसोंनी काय केलं, तर रोमेरोचे झॉम्बी घेतले, त्यांची भूक घेतली, चावा घेतला की लागण होते हा नियम घेतला, आणि झॉम्बीला परत हैतीच्या शेतात नेऊन उभं केलं. फक्त शेताच्या जागी ऑफिस आहे. अकिराला झॉम्बी दिसतात तेव्हा त्याला त्यांची ओळख लगेच पटते. एक कारण हे, की त्याने चित्रपट बघितले आहेत. रोमेरोच्या पहिल्या चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्द एकदाही येत नाही, कारण त्या जगात अशी गोष्टच नव्हती. इथे सगळ्यांना तो शब्द तोंडपाठ आहे. पण दुसरं कारण जास्त खोल आहे. तीन वर्षं तो स्वतः तसाच चालत होता.

ट्रक-थांब्यावरचा प्रसंग

माझ्या दृष्टीने सगळं प्रकरण इथे उलगडतं. अ‍ॅनिमेचा सातवा आणि आठवा भाग. एव्हाना अकिराबरोबर त्याचा कॉलेजचा मित्र केनचो आहे आणि शिझुका मिकाझुकी आहे. शिझुकाचीही वही आहे, पण तिच्या वहीत करायच्या गोष्टी नाहीत, टाळायच्या गोष्टी आहेत. तिघं एका कॅम्पर गाडीतून निघालेत. वाटेत एक मोठा ट्रक-थांबा लागतो, आत दुकान, अन्न, अंथरूण, आणि वाचलेली बरीच माणसं. झॉम्बीकथा वाचणाऱ्याला ही जागा पाहिल्याबरोबर ओळखू येते. हा मॉल आहे. भिंतींच्या आत भरपूर माल, भिंतींच्या बाहेर मेलेले. अशा जागी पुढे काय होतं हे आपल्याला पाठ आहे : आधी सुख, मग भांडणं, मग दार फुटतं.

मॉलच्या जागी ट्रक-थांबा घातला, एवढ्यावर हे थांबलं असतं तर तो नुसता संदर्भ ठरला असता. पण इथला कारभारी कोण निघतो, तर कोसुगी, अकिराचा जुना वरिष्ठ. ज्याने त्याला तीन वर्षं पिळला तोच. आणि या नव्या जागी त्याने तेच पुन्हा उभं केलं आहे. माणसांना कामं वाटून दिलेली, अन्न आणि आसरा त्या कामाच्या बदल्यात, आणि वर बसून हुकूम देणारा तो.

अकिरा काय करतो? ज्या मुलाने सगळं सोडून दिलं, राजीनाम्याचं ओझं झॉम्बी झालेल्या मालकासमोर उतरवलं, आवडत्या बाईला ती झॉम्बी झाल्यावर का होईना प्रेम सांगितलं, तो मुलगा कोसुगीचा आवाज ऐकल्याबरोबर मान खाली घालतो. "हो सर," म्हणत कामाला लागतो. खांदे पडतात, डोळ्यांतली चमक जाते. त्याला कुणी चावलेलं नाही, आणि तरी तो आपल्या डोळ्यांदेखत झॉम्बी होतो. भिंतीबाहेर मेलेले, भिंतीच्या आत राबणारे, आणि दोघांच्या चालीत फरक उरत नाही.

रोमेरोच्या मॉलमध्ये मेलेले सवयीने परत येतात. इथे सवयीने परत जातो तो जिवंत माणूस. मला वाटतं उसनं घेतलेलं इतकं नेमकं परत केलेलं झॉम्बीकथांमध्ये मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. रोमेरोच्या पात्राने जे मेलेल्यांबद्दल सांगितलं होतं ते आसोंनी अकिराला लावलं, आणि प्रश्न उलटा फिरवला : जी जागा तुला खात होती ती तुला अजून महत्त्वाची का वाटते?

यातला कोसुगी राक्षस म्हणून रंगवलेला नाही, हेही मला पटतं. तो आक्रस्ताळेपणा न करता बोलतो, त्याच्याकडे कारणं आहेत. लोक जगले पाहिजेत, शिस्त पाहिजे, कुणीतरी ठरवलं पाहिजे. अशा वेळी त्याचं म्हणणं पटणारी माणसं आपल्या ओळखीतही निघतील. शिझुका त्याला पुरून उरते, कारण धोका मोजायची सवय तिला आहे आणि तिला इथला धोका कुंपणाबाहेर दिसत नाही, आत दिसतो. शेवटी दार फुटतंच, तो नियम मोडलेला नाही. पण अकिरा तिथून निघतो तेव्हा तो झॉम्बींपासून पळत नसतो. दुसऱ्यांदा नोकरी सोडत असतो, आणि या वेळी नोकरी आपोआप बुडालेली नाही, त्याला स्वतःला नाही म्हणावं लागलं आहे.

रंगाचं काम

एक मानवंदना मांगात शक्यच नव्हती, ती अ‍ॅनिमेने केली. पहिल्या भागाचा बराच काळ पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत, चित्रपटगृहात असतात तशा, आणि चित्रातले रंग विटलेले आहेत. झॉम्बीपटाचा तो परिचित करडेपणा. फक्त तो करडेपणा झॉम्बी यायच्या आधीचा आहे. गच्चीवरच्या त्या क्षणी चौकट मोकळी होते, पडदा भरून जातो आणि रंग ओतले जातात. रक्तसुद्धा लाल राहत नाही, रंगपंचमीसारखं उडतं. कावागोएंनी भयपटाची सगळी सामग्री नोकरीच्या वर्षांना दिली आणि प्रलयाला सणाची. झॉम्बीपटाचं व्याकरण ज्याला अंगवळणी आहे त्यालाच ते असं उलटं लिहिता येतं.

पाचव्या भागातला शार्क माझ्या मते यापुढे कमी पडतो. मत्स्यालयात एक झॉम्बी झालेला शार्क आहे, त्याच्या अंगातून माणसांचे पाय बाहेर आलेत आणि त्या पायांवर तो जमिनीवर धावतो. इथे १९७५चा 'जॉज' आहे, आणि जाणकाराला लुचियो फुल्चीचा १९७९चा इटालियन झॉम्बीपटही आठवेल, ज्यात पाण्याखाली एक झॉम्बी खऱ्याखुऱ्या शार्कशी झुंजतो. बघायला मजा येते. अकिरा शार्कच्या दातांपासून वाचवणारा पोहण्याचा पोशाख घालून लहानपणीचं सुपरहीरो व्हायचं स्वप्न पुरं करतो, तेवढा भाग मनाला लागतो. पण शार्क स्वतः काही सांगत नाही. तो आठवण करून देतो आणि जातो. पुढे येणारी बेआत्रिक्स ही जपानवेडी जर्मन मुलगी, सामुराईच्या चिलखतात वावरणारी, तिचंही मला असंच वाटतं. तिच्या प्रेमात खरेपणा आहे, तरी तिच्यामुळे येणारे जपानचे संदर्भ पुष्कळदा पर्यटनाच्या माहितीपत्रकासारखे एकामागून एक येतात.

शेवटचे तीन भाग अकिराच्या गावी, गुन्मा प्रांतात घडतात. आणि तिथे या कथेने एक असं केलं जे मला अपेक्षित नव्हतं. इतका वेळ ती दुसऱ्यांचं घेत आली होती, आता तिने स्वतःचंच घेतलं. कांता हिगुराशी नावाचा एक तरुण येतो, तोही अकिरासारखाच जगाने बाजूला टाकलेला. त्याच्याबरोबर तीन सोबती आहेत, जसे अकिराबरोबर तीन आहेत. त्याच्याकडे वही आहे. वहीत झॉम्बी होईपर्यंत करायच्या १०० गोष्टी आहेत. शीर्षक तेच, आकडा तोच. पण अकिराला ज्या सकाळी ऑफिसमधून सुटका मिळाली त्याच सकाळी हिगुराशीला सूड घेण्याची मुभा मिळाली, आणि त्याच्या यादीत इतरांचं सुख कसं मोडायचं याच्या नोंदी आहेत. तो गावावर संकट आणतो तेव्हा दोन वह्या समोरासमोर येतात.

अकिराच्या वहीतली खोली आवरायची ओळ तेव्हा मला पुन्हा आठवली. हिगुराशीच्या वहीत अशी एकही ओळ नसावी, जी करायला दुसरं कुणी लागत नाही.